अब्बांच्या कागदावरचा 'व'

मी ३४ वर्षं हायस्कुलात मराठी शिकवलं. व्याकरणाचा तास मुलांना नकोसा असतो. त्यातही अव्ययांचा धडा आला की मागची बाकं पेंगायला लागतात. मग मी फळ्यावर तीन वाक्यं लिहायचो. 'बहीण आली.' 'बहीणही आली.' 'बहीणच आली.' आणि विचारायचो, "सांगा, प्रत्येक वाक्यात किती माणसं आली?" मुलं जागी व्हायची. पहिल्यात एक. दुसऱ्यात आधीच कोणीतरी आलेलं आहे, त्यात बहिणीची भर. तिसऱ्यात बहिणीशिवाय कोणी फिरकलंच नाही. मी म्हणायचो, "बघा, 'ही' दार उघडतो आणि 'च' दार लावून घेतो. एवढीशी अक्षरं, पण माणसांना आत-बाहेर करतात."

हे मुलांना शिकवणाऱ्या मी माझ्याच घरात एका अक्षराने एक दार लावून घेतलं आणि ३० वर्षं ते लावलेलंच ठेवलं. ती हकिगत आज सांगायची आहे. मात्र ती सांगताना वाटेत फार लांबच्या माणसांना भेटावं लागेल. ती माणसं पहिल्या-दुसऱ्या शतकातली, हिब्रू धर्मग्रंथातल्या बारीकसारीक शब्दांवर आयुष्य घालवणारी. ती भेटली नसती तर हे लिहायची हिंमत मला झाली नसती.

आमचं गाव रायगड जिल्ह्यात, खाडीच्या काठाला. नारळी-पोफळीची ४० गुंठे वाडी आणि तिच्या कडेला घर. अब्बा कोकणी, म्हणून शाफई. अम्मी साताऱ्याकडची, म्हणून हनफी. वुजू करताना अब्बा ओली बोटं कपाळावरच्या केसांना लावून मोकळे होत. अम्मी मात्र डोक्याचा निदान चौथा हिस्सा ओला झाला पाहिजे, असं बजावायची. मी एकदा अब्बांना विचारलं, "कुराण एकच आहे ना? मग मसह दोन प्रकारचा कसा?"

"एका अक्षरामुळे," अब्बा म्हणाले. पाचव्या सुरेतल्या वुजूच्या आयतीत 'डोकं' या शब्दाच्या आधी 'ब' हे एक जोडअक्षर आहे. शाफईंनी त्यातून 'डोक्याचा काही भाग' असा अर्थ घेतला, मालिकींनी सगळं डोकं धरलं, आणि हनफींनी रिवायतीचा आधार घेऊन चौथा हिस्सा ठरवला. "त्या 'ब'पाशी इमामांच्या वाटा वेगळ्या होतात," अब्बा म्हणाले, "पण नमाज सगळ्यांचीच होते." अक्षराकडे निरखून बघायची सवय मला तिथे लागली. पुढे त्याच सवयीची मी भाकरी केली.

आमच्या शेजारी बेने इस्रायली कुटुंब होतं. कोकणात त्यांना 'शनवार तेली' म्हणत. तेलाचा घाणा चालवायचा आणि शनिवारी काम बंद ठेवायचं. त्यांच्या प्रार्थनाघराला ते स्वतःही मशीदच म्हणत. त्यामुळे आमच्या गावात "कुठली मशीद?" असा प्रश्न दोन्ही घरांत सारखाच पडायचा. त्यांच्या वल्हांडण सणाला मोठे काका हिब्रू-मराठी हग्गादा समोर घेऊन बसत. पुण्यात १८७४ साली असा सचित्र मराठी हग्गादा छापला गेला होता. काकांकडची प्रत नंतरची, कोपरे खाल्लेली. त्यांचा मुलगा माझ्याच वर्गात. १९६४ साली ते कुटुंब इस्रायलला गेलं. घराला कुलूप लागलं, घाणा कोणीतरी विकत घेतला.

अब्बा १९८९ साली गेले. अम्मी त्याआधीच गेली होती. मागे आम्ही तिघं: थोरले भाई, मी आणि धाकटी बहीण. तिचं लग्न म्हसळ्याला झालेलं. अब्बांच्या पेटीत त्यांच्या हातचा एक कागद निघाला. वाडीबद्दल त्यात एकच वाक्य होतं. वाडी दोन्ही मुलग्यांनी निम्मी निम्मी वाटून घ्यावी व बहिणीस अंतर देऊ नये.

चाळिसाव्यानंतर आम्ही ओटीवर बसलो होतो. मेहुण्यांनी कागद दोनदा वाचला. ते मितभाषी माणूस. त्यांनी मलाच विचारलं, "मास्तर, तुम्ही व्याकरण शिकवता. या 'व'चा अर्थ कसा घ्यायचा? वाटणी करतानाच बहिणीला बाहेर ठेवू नका, असा ना?"

थोरल्या भाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी क्षणभरही थांबलो नाही. "'व' हे समुच्चयबोधक उभयान्वयी अव्यय आहे," मी म्हणालो. "ते दोन स्वतंत्र वाक्यं जोडतं. पहिलं वाक्य जमिनीचं, दुसरं मायेचं. पहिल्यावर दुसऱ्याची अट नाही."

मेहुणे गप्प झाले. बहीण आतल्या दाराला टेकून उभी होती. महिनाभराने तिने हक्कसोडपत्रावर सही केली. कागदात 'राजीखुशीने' असा शब्द होता. तो नेहमीच असतो. आम्ही तिला साडी घेतली, आणि दर वर्षी नारळ-सुपारीचं एक पोतं पाठवत राहिलो. अंतर दिलं नाही, असं स्वतःला सांगत राहिलो.

२०१९च्या जानेवारीत माझा तो वर्गमित्र गाव बघायला आला. पंचावन्न वर्षांनी. मराठी तशीच, कोकणी हेलाची. पहिल्या संध्याकाळी आमचं भांडणच झालं. फिलिस्तीनचा विषय निघाला आणि दोघांचेही आवाज चढले. बायको चहा घेऊन आली तेव्हा दोघं दोन दिशांना बघत होतो. त्या विषयावर आमचं जमलं नाही आणि जमणारही नव्हतं. मग त्याने विचारलं, "तू आयुष्यभर काय शिकवलंस?" मी म्हणालो, "मुख्य म्हणजे 'ही' आणि 'च'." तो एकदम हसला. "अरे, मग तू आमच्या अकिवाचा चेला!"

निवृत्तीनंतर तो दर आठवड्याला तालमूद वाचणाऱ्या एका मंडळात जात होता. त्याने जे सांगितलं ते मी पुढे मुंबईच्या ग्रंथालयात इंग्रजी भाषांतरांतून पडताळून पाहिलं, म्हणून इथे लिहितो.

हिब्रूत 'एत' नावाचा एक शब्द आहे. त्याला स्वतःचा अर्थ असा नाही. वाक्यातलं निश्चित कर्म कोणतं एवढंच तो दाखवतो. आपण 'मुलगा पाहिला' आणि 'मुलाला पाहिलं' म्हणतो, त्यातल्या 'ला'सारखं त्याचं काम. भाषांतरात तो गळूनच जातो. पण याच उच्चाराचा दुसरा एक शब्द हिब्रूत आहे, त्याचा अर्थ 'सोबत'. गिमझो गावच्या नाहूम नावाच्या गुरूंनी धरलं की ईश्वराच्या ग्रंथात एकही अक्षर फुकट नसणार. मग जिथे जिथे 'एत' आहे तिथे कर्मासोबत आणखी काहीतरी अभिप्रेत असलं पाहिजे. रब्बी अकिवा २२ वर्षं त्यांच्या सेवेत राहिले आणि ही पद्धत शिकले. नियम असा: 'एत' आणि 'गम' आले की काहीतरी आत घ्यायचं, 'अख' आणि 'रक' आले की काहीतरी बाहेर ठेवायचं. 'गम' म्हणजे आपला 'ही' किंवा 'सुद्धा'. 'रक' म्हणजे 'फक्त', आपला 'च'. मी खुर्चीतून पुढे सरकलो. माझा फळ्यावरचा धडा अठराशे वर्षांपूर्वी कोणीतरी शिकवून गेलं होतं! त्या नाहूमच्या नावाचीही गंमत आहे. काहीही संकट आलं तरी ते म्हणायचे, हेही भल्यासाठीच. म्हणजे त्यांच्या नावालाच एक 'ही' चिकटलेला.

तौरातच्या पहिल्याच वाक्यात आकाश आणि पृथ्वी या दोहोंच्या आधी 'एत' आहे. रब्बी इश्माएल यांनी अकिवांना विचारलं, तिथे तो कशासाठी? अकिवा म्हणाले, तो नसता तर कोणी आकाश आणि पृथ्वी ही ईश्वराचीच नावं समजला असता. ही निर्माण झालेली आहेत, निर्माता नव्हेत, हे तो शब्द सांगतो. म्हणजे एक बिनअर्थाचा शब्द शिर्काच्या वाटेवर पहारा देत उभा! दुसऱ्या शतकात अक्विला नावाच्या भाषांतरकाराने तौरात ग्रीकमध्ये नेली तेव्हा त्याने अनेक ठिकाणी 'एत'चं भाषांतर 'सोबत' असंच केलं. ग्रीक वाचणाऱ्यांना ते वाक्य वेडंवाकडं वाटलं असेल. पण त्याला अक्षर सोडवेना.

मग मित्राने शिमोन हाअम्सोनी यांची गोष्ट सांगितली. त्यांनी तौरातमधला एकेक 'एत' घेऊन त्याचा अर्थ लावायचं काम अंगावर घेतलं होतं. होता होता ते एका आज्ञेपाशी पोचले. ईश्वराचं भय बाळग, अशी ती आज्ञा. तिथेही ईश्वराच्या नावाआधी 'एत' होता. आतापर्यंतच्या नियमाने ईश्वरासोबत आणखी कोणाला तरी त्या भयात सामील करावं लागलं असतं. शिमोन थांबले. त्यांनी केवळ तो एक 'एत' सोडला नाही, तर आजवर लावलेले सगळे अर्थ मागे घेतले. शिष्य घाबरले. म्हणाले, मग इतक्या वर्षांच्या अर्थांचं काय होणार? शिमोन म्हणाले, अर्थ लावल्याचं जसं मला बक्षीस मिळालं, तसंच मागे सरकल्याचंही मिळेल.

मी बराच वेळ काही बोललो नाही. आपल्यापैकी कोणालाही त्यांचं थांबणं समजावून सांगावं लागणार नाही. अल्लाहच्या नावाशेजारी दुसरं नाव ठेवायचं म्हटलं की आपलाही हात आपोआप थांबतो. नसाई शरीफमध्ये जुहैना कबिल्यातल्या हजरत कुतैला (र.) यांची एक रिवायत आहे. एक यहुदी माणूस पैगंबरांकडे (स.) आला आणि म्हणाला, तुम्ही लोक बरोबरी करता, 'अल्लाहने इच्छिलं आणि तुम्ही इच्छिलं' असं बोलता, आणि काब्याची शपथ घेता. पैगंबरांनी (स.) त्याला झिडकारलं नाही. आपल्या लोकांना सांगितलं की शपथ काब्याच्या रबची घ्या, आणि 'आणि'च्या जागी 'नंतर' म्हणा. अरबीतला 'व' काढून 'सुम्म' ठेवला, एवढाच बदल. 'आणि'ने दोघं एका ओळीत उभे राहतात. 'नंतर'ने एक पुढे, दुसरा मागे. मी ही हदीस मित्राला सांगितली तेव्हा तो चकित झाला. संध्याकाळच्या भांडणानंतर आमच्या दोघांमध्ये पहिल्यांदा काहीतरी हललं.

"पण गोष्ट तिथे संपत नाही," तो म्हणाला. पुढे अकिवा आले आणि त्यांनी तो अडलेला 'एत' सोडवला. ईश्वराच्या भयासोबत विद्वानांचाही धाक बाळगावा, असं त्यांनी सांगितलं. माझं मन तिथे अडखळलं. विद्वान स्वतःच अर्थ लावणार आणि त्या अर्थात स्वतःसाठी जागाही करणार? हे बोलताना मला वाटत होतं की मी अकिवांविषयी बोलतोय.

मित्राने तालमूदमधला आणखी एक प्रसंग सांगितला. तौरातमध्ये पुरोहिताच्या मुलीने व्यभिचार केला तर तिला जाळण्याची शिक्षा आहे. इश्माएल यांचं म्हणणं होतं की ही शिक्षा फक्त वाङ्‌निश्चय झालेल्या मुलीपुरती. अकिवा म्हणाले, विवाहितेलाही तीच. कारण मजकुरात नुसतं 'मुलगी' नाही, 'आणि मुलगी' आहे. हिब्रूत 'आणि' हा वेगळा शब्दही नाही. 'वाव' नावाचं एक अक्षर शब्दाला चिकटतं, बस्स. तेवढ्या अक्षरातून त्यांनी एक आणखी बाई त्या शिक्षेत ओढली. इश्माएल यांनी विचारलं, तुम्ही 'आणि'चा अर्थ लावता, म्हणून काय आम्ही हिला आगीकडे न्यायचं?

हे सांगायला हवं की त्या काळी हा वाद प्रत्यक्ष चितेपुढचा नव्हता. इसवी सन ७० मध्ये रोमनांनी जेरुसलेमचं मंदिर पाडलं होतं. देहदंड देणारी जुनी न्यायसभा उरली नव्हती. आणि याच अकिवांनी दुसरीकडे म्हटलं आहे की मी त्या न्यायसभेत असतो तर कोणालाच कधी देहदंड झाला नसता. ते निर्दय नव्हते. शेवटी रोमनांनी त्यांनाच हालहाल करून मारलं. पण इश्माएल यांचा प्रश्न राहतोच. इश्माएल यांची शिकवण अशी होती की तौरात माणसांच्या भाषेत बोलते. माणसं बोलताना काही शब्द ओघात येतात, प्रत्येकात गुपित शोधू नये. मला मात्र त्यांच्या प्रश्नात भाषेपेक्षा मोठी गोष्ट ऐकू आली. अर्थ लावून झाला की एकदा मान वर करून बघा, त्या अर्थापुढे कोण उभं आहे ते.

माझ्या अर्थापुढे कोण उभं होतं, हे मला माहीत होतं. आतल्या दाराला टेकून.

त्या रात्री झोप आली नाही. तहज्जुदला उठलो आणि नंतर कुराण उघडून बसलो. तिसऱ्या सुरेच्या सातव्या आयतीत संदिग्ध आयतींचा अर्थ अल्लाहशिवाय कोणी जाणत नाही असं आलं आहे, आणि त्यापुढे एक 'व' आहे. त्यानंतर ज्ञानात मुरलेले लोक येतात. आपल्या मुस्हफमध्ये त्या 'व'च्या आधी छोटासा मीम असतो: इथे थांबा. थांबलं तर तो 'व' नवं वाक्य सुरू करतो, आणि जाणणारा एकटा अल्लाह राहतो. विद्वान केवळ ईमान ठेवतात. न थांबता वाचलं तर तो 'व' जोडतो आणि विद्वानही जाणणाऱ्यांत येतात. बहुतेकांनी थांबणं पसंत केलं. मुजाहिद यांच्यासारख्या तफसीरकारांनी जोडून वाचलं. दोन्ही वाचनं व्याकरणाला मान्य आहेत.

तेच अब्बांच्या 'व'चं. मी सांगितलेला अर्थ व्याकरणाने चूक नव्हता, आणि म्हणूनच तो ३० वर्षं टिकला. मेहुण्यांनी विचारलेला अर्थही चूक नव्हता. दोन वाटा खुल्या असताना मी जी निवडली ती माझ्या वाट्याला २० गुंठे देणारी होती. आणि ज्याच्यापुढे अब्बांच्या कागदालाही जोर नाही, ते तर अगदी स्वच्छ होतं. सुरे निसामध्ये मुलग्याचे दोन हिस्से, मुलीचा एक. वारसाच्या हक्कात वसीयतीने बदल करता येत नाही, ही हदीस मौलवी जुम्म्याच्या बयानात सांगत आणि मी मान डोलवत असे. दोन भाऊ, एक बहीण: पाच हिस्से. ४० गुंठ्यांत तिचे ८, आमचे १६-१६. हे गणित चौथीतलं पोरही करील. आम्ही प्रत्येकी तिचे ४ गुंठे खात होतो आणि वर एक पोतं पाठवत होतो.

मित्र परत गेला. आठ दिवसांनी मी म्हसळ्याला गेलो. मेहुणे तोपर्यंत हयात नव्हते. ज्यांनी प्रश्न विचारला त्यांना उत्तर देता आलं नाही, ही टोचणी कायमची.

बहिणीपुढे मी ताठ बसून सगळं सांगितलं. कागद, 'व', चुकीचा अर्थ, चार गुंठे. ती तांदूळ निवडत होती. हात थांबला नाही.

"भाई, मला वाडीचं तेवढं लागलं नाही," ती म्हणाली. "गरज होती, नव्हती असं नाही. पण ह्यांनी तुम्हाला विचारलं ते घरातला माणूस म्हणून विचारलं. तुम्ही मास्तर होऊन उत्तर दिलंत."

मला काही बोलता आलं नाही.

जरा वेळाने तीच म्हणाली, "नाव लावा. मी नाही म्हणणार नाही. नाही म्हणायचं ते एकदा म्हणून झालं."

मग थोरल्या भाईंकडे गेलो. ते संतापले. "मेलेल्या बापाचं अक्षर खोडतोस?" मी म्हणालो, "अब्बांचं नाही, माझं खोडतोय." ते ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत नव्हते. आजही आमच्यात मोजकंच बोलणं आहे. त्यांच्या हिश्श्यातल्या चार गुंठ्यांचं काय करायचं ते त्यांनी आणि त्यांच्या रबने बघायचं.

माझ्या हिश्श्याचं मी केलं. वकिलाला विचारून कागद झाला, सात-बाऱ्यावर माझ्या नावाशेजारी तिचं नाव लागलं. ३० वर्षांच्या उत्पन्नाचा हिशेब मांडला तेव्हा आकडा माझ्या पेन्शनला झेपणारा नव्हता. तो हप्त्याहप्त्याने फेडतोय. काही जुन्या विद्यार्थ्यांच्या कानावर गेलं. एकाने विचारलं, "सर, म्हणजे तुम्ही शिकवलेलं व्याकरण चुकीचं होतं?" मी म्हणालो, "नाही रे, व्याकरण बरोबर होतं."

त्याला पुढचं सांगायचं राहून गेलं, ते इथे सांगतो. व्याकरण शब्दाच्या दोन्ही वाटा दाखवतं. कुठल्या वाटेने जायचं, हे ते सांगत नाही. तिथे आपण एकटे असतो. अर्थ लावल्याचं बक्षीस मी भरपूर घेतलं: गावात मान, सभेत खुर्ची, २० गुंठे वाडी. मागे सरकल्याचं बक्षीस असतं का, ते अल्लाह जाणे. शिमोन यांची तेवढी खात्री होती. मला नाही.

यंदा सुपारी उतरवायच्या दिवशी बहीण वाडीत आली. कोणी बोलावलं नव्हतं. पोफळीखाली खुर्ची टाकून बसली, आणि गड्याने दोन घड पलीकडच्या हद्दीत टाकले म्हणून त्याला चांगलंच झापलं. मी ओटीवरून ऐकत होतो.